प्रतिसाद: रोज तासभर प्रार्थना जमत नाही

पहाटे तासभर प्रार्थनेला बसायचं ठरवलं की आठवड्याभरात बारगळतं, असं एका ताईंनी लिहिलंय. मुळात तो तास हवाच कशाला? बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकायचा, तेही दारयावेश राजाच्या दरबारातली कामं सांभाळून (दानीएल 6:10). आरंभीच्या मंडळीतल्या 'डिडाखे' या छोट्या पुस्तिकेतही प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली) दिवसातून तीन वेळा म्हणा, एवढंच सांगितलंय. ती सावकाश म्हटली तरी मिनिटभरात होते. कॅथलिक घरांत सकाळ-दुपार-संध्याकाळच्या घंटेला एंजेलस ही छोटी प्रार्थना म्हणतात, तीही याच चालीची.

आपल्याकडे चर्चची घंटा ऐकू येत नसेल, तर रोजच्या कामालाच प्रार्थना जोडावी: चहाचं आधण ठेवलं की पहिली, डबा उघडण्याआधी दुसरी, दिवा मालवताना तिसरी. मोबाइलच्या गजरावर माझा फारसा भरवसा नाही, आपण तो बंद करून पुन्हा कामाला लागतो.

शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र 23 किंवा 121 मोठ्याने वाचावं. "पाठ केलेली प्रार्थना मनापासून नसते" हे काही पास्टर म्हणतात ते मला पटत नाही. प्रार्थना कशी करायची असं शिष्यांनी विचारल्यावर येशूने तयार शब्दच दिले होते. एखादी वेळ चुकली तर पुढची धरायची, थकबाकी फेडत बसायचं नाही.