न्यूझीलंडमध्ये जुनी कॅम्परव्हॅन घ्यावी का?

लातूरकर: मुलगी ऑकलंडला असते. सोयाबीनची रास झाली की आम्ही दोघं तिच्याकडं निघालोत, तीन महिने फिरणार. भाडं परवडंना. आत झोपायची सोय केलेली जुनी डिझेल टोयोटा हायएस व्हॅन घेऊन परतताना विकावी म्हणतोय. काय काय बघू?

नांदेडची लेक: काका, मी तिथंच राहते. डब्ल्यूओएफ, म्हणजे तपासणीचा दाखला, महिन्याच्या आतलाच मागा. डिझेल गाडीला किलोमीटरप्रमाणे रस्ता कर आगाऊ भरावा लागतो. आधीच्या मालकानं थकवला असला तर तो तुमच्या बोकांडी बसतो, म्हणून कर कुठल्या आकड्यापर्यंत भरलाय ते मीटरशी ताडून घ्या. गाडीवर कर्ज आहे का तेही पीपीएसआर, म्हणजे तारण कर्जाच्या सरकारी नोंदणीत दिसतं.

परभणी गॅरेज: दादा, कागदं नंतर. आधी गादी उचला, खालचा पत्रा बोटानं दाबून बघा. समुद्राच्या खाऱ्या हवेत गंज तिथंच लपतो. छताच्या खिडकीभोवती ओलीचे डाग बघा. इंजिन गार असतानाच चालू करायला लावा. आधीच तापवून ठेवलं असंल तर सरळ निघून या.

लातूरकर: आणि संडास? मंडळींचा तोच आग्रह आहे.

नांदेडची लेक: काकूंचं बरोबर आहे. २०२३ च्या कायद्यानं स्वयंपूर्ण, म्हणजे पाण्याची-सांडपाण्याची सोय आतच असलेल्या गाडीचं प्रमाणपत्र कायम बसवलेला संडास असेल तरच मिळतं. ते नसलं तर फुकट मुक्कामाच्या बऱ्याच जागा बंद, दंडही होतो.