चार फुटी फिश टँकसाठी कॅनिस्टर (टँकखाली ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर): ताशी १००० लिटरचा, १४०० चा की २००० चा? आणि बसवायचा कसा?

काचपेटी_नाशिकरोड

टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मासे सहा एंजल, वीसेक टेट्रा, सहा कोरी. खाली दोन इंच रेती, एक मोठा ओंडका, त्यावर अनुबियासची झाडं. सध्या वर्षभर चाललेला टॉप फिल्टर (टँकच्या वर बसणारा) आहे, तो काढून कॅनिस्टर लावायचा विचार आहे. टँक हॉलमध्ये आहे. खालचं कपाट बंद, आतली उंची २६ इंच. पाणी महापालिकेचं, उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचं मिसळते. दुकानदार म्हणतो ताशी २००० लिटरवाला घ्या, मोठा तेवढा चांगला. बजेट सात हजारांपर्यंत.

केवढा घ्यायचा, टोपल्यांत काय क्रमाने भरायचं आणि लाइट गेल्यावर काय करायचं, एवढं सांगा. बंद कपाटात गळती झाली तर कळायचं कसं, हीही धास्ती आहे.

गोदाकाठ_अ‍ॅक्वा

आधी पाणी मोजा. ४ × १.५ × १.५ म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काचेच्या मापाने २५५. वरचा दीड इंच मोकळा, शिवाय रेती, ओंडका आणि काचेची जाडी वजा करा. खरं पाणी २१० लिटरच्या आसपास उरतं. तुमच्या माशांना तासाला चार वेळा पाणी फिरलं तरी भागतं, म्हणजे साधारण ८५० लिटर.

आता पेटीवरचा आकडा. तो मोकळ्या मोटरीचा असतो, टोपल्या रिकाम्या आणि नळीचा अडथळा नाही अशा अवस्थेतला. मीडिया (टोपल्यांत भरायचे स्पंज, रिंगा, कापूस) भरला आणि नळ्या जोडल्या की त्यातला साधारण ५५ ते ६५ टक्के हाती लागतो, कापूस तुंबला की त्याहून कमी. १४०० लिहिलेला फिल्टर तुमच्याकडे ८०० ते ९०० देईल. तेवढा पुरे. २००० चा लावलात तर ताशी १२०० च्या वर पाणी येईल, एंजल दिवसभर कोपऱ्यात दबून बसतील आणि शेवटी तुम्ही नळ आवळून ठेवाल. आवळायचाच झाला तर फक्त बाहेर पाणी सोडणारा नळ आवळायचा. आत येणाऱ्या बाजूचा आवळला तर मोटर उपाशी पडते, हवा खेचते आणि खडखडते.

विजेचा हिशोबही करा. फिल्टर महिन्याचे ७२० तास चालतो. ५५ वॅटचा ३९-४० युनिट खातो, ३५ वॅटचा २५, २० वॅटचा १४-१५. ईहाइम कंपनीच्या क्लासिक २२१७ वर १०००च लिहिलंय, पण तो २० वॅटचा आहे आणि त्यात मीडिया भरपूर मावतो. तुमच्या टँकला तोही चालतो, मात्र नवा या बजेटमध्ये बसणं अवघड. सात हजारांत सनसन कंपनीचा १४०० वाला किंवा त्याच वर्गातला दुसरा कुठला तरी घ्या.

पण लिटरपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग. ओ-रिंग (झाकणाखालची रबरी रिंग), इम्पेलर (पाणी ढकलणारा मोटरीचा पंखा) आणि त्याचा सिरॅमिक दांडा दुकानात सुटा मिळतो का ते विचारा, आणि मिळत असेल तर फिल्टरसोबतच एक-एक घेऊन ठेवा. तो दांडा पेन्सिलीच्या शिशासारखा आहे, साफ करताना वाकडा ओढला की तुटलाच. दांड्याअभावी फिल्टर आठवडाभर बंद पडला तर १४०० आणि २००० दोन्ही सारखेच निरुपयोगी. नळीचं मापही बघा. १६/२२ म्हणजे आतून १६, बाहेरून २२ मिमी. हे माप सहज मिळतं. विचित्र मापाची नळी असेल तर तो फिल्टर राहू द्या.

आणि कपाटाची उंची: १६-१७ इंचांचा फिल्टर २६ इंचांत बसतो, वर नळी वळायला नऊ-दहा इंच राहतात. याहून कमी जागा असती तर नळी मोडून चपटी झाली असती.

सिडको_गप्पी

बसवण्याचं मी सांगतो.

पहिल्या दिवशी तो कपाटात ठेवूच नका. जमिनीवर मोठी परात, तिच्यात वर्तमानपत्र, त्यावर फिल्टर. असा २४ तास चालू द्या. कागद कोरडा राहिला तरच आत. कायमचाही परातीसारख्या उथळ ट्रेमध्येच ठेवा आणि ट्रेमध्ये कागद राहू द्या. तुमच्या धास्तीला हाच स्वस्त उपाय. गळती निम्म्याहून जास्त वेळा ओ-रिंगपाशी असते: खाचेत रेतीचा कण, केस किंवा कापसाचा धागा अडकलेला, नाहीतर क्लिपा एका बाजूच्या आधी लावून झाकण तिरकं बसलेलं. खाच बोटाने पुसा, रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि समोरासमोरच्या क्लिपा जोडीने लावा. व्हॅसलिन नको. पेट्रोलियमने काही रबरं फुगतात, आणि फुगलेली रिंग पुन्हा खाचेत बसत नाही.

टोपल्या भरण्याआधी पाणी कुठल्या दिशेने जातं ते बघा. बहुतेक कॅनिस्टरमध्ये ते बाजूने थेट तळाशी उतरतं आणि टोपल्यांतून वर चढतं. म्हणजे सगळ्यात खाली जाड छिद्रांचा स्पंज, त्यावर बारीक स्पंज, त्यावर सिरॅमिक रिंगांच्या दोन टोपल्या, सगळ्यात वर मोटरीखाली कापसाचा एकच पातळ थर. रिंगा आधी साध्या पाण्यात धुवा, धूळ पांढरी निघते. टोपली दाबून भरू नका. झाकण बसवताना जोर लावावा लागतोय म्हणजे जास्त भरलंय. कार्बन रोजच्या वापराला लागत नाही. औषध दिल्यानंतर पाणी निवळायला दोन-तीन आठवडे टाकायचा आणि काढून फेकायचा.

नळ्या आधी लांब ठेवा आणि जागेवर धरून मग कापा. सैल नळीचा झोळ राहिला की त्याच्या वरच्या वळणात हवा साठते. टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवलं की नळी मऊ होते आणि तोटीवर मुळापर्यंत चढते. ती मुळापर्यंत गेल्याशिवाय वरचा नट आवळायचा नाही.

पाणी ओढणारी जाळी तळापासून तीन-चार इंच वर, नाहीतर रेती खेचली जाते. स्प्रे बार, म्हणजे पाणी परत सोडणारी छिद्रांची नळी, दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पातळीलगत, छिद्रं मागच्या काचेकडे किंचित वर. पाणी हलतं, ऑक्सिजन मिळतो आणि एंजलवर झोत येत नाही. दुसरा फायदा असा, की खाली स्प्रे बारची नळी निसटली तरी तिच्यातून उलटा येणारा सायफन (आपोआप खाली ओढलं जाणारं पाणी) स्प्रे बार उघडा पडताच तुटतो. आत येणारी नळी निसटली तर मात्र टँक जाळीपर्यंत रिकामा होईल, म्हणून त्या बाजूला क्लॅम्प लावाच.

चालू करताना प्लग आधी लावू नका. डबल नळ (आत-बाहेरच्या दोन्ही नळ्यांचा) उघडा, स्प्रे बारची नळी पाण्याबाहेर धरा, फिल्टरवरचं प्राइमर (पाणी आत ओढून घेणारं) बटण पाच-सहा वेळा दाबा. ते काम करत नसेल तर त्या नळीतून एकदा हवा ओढा. पाणी खाली उतरायला लागतं, हवा दुसऱ्या नळीतून फुसफुसत बाहेर येते. बाहेर जाणाऱ्या नळीत पाणी टँकच्या पातळीला येऊन थांबलं म्हणजे फिल्टर भरला. मग प्लग. कोरडा चालवला तर इम्पेलरला थंड करायला पाणीच नसतं. प्लगच्या वायरीला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. बोर्ड कपाटाच्या तळाशी नको, आणि घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते बसवून घ्या.

गोदाकाठ_अ‍ॅक्वा

वर सगळं बरोबर, फक्त टॉप फिल्टर लगेच काढू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू सध्या त्याच स्पंजात आहेत. नव्या रिंगांवर ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन्ही सोबत चालवा, किंवा जुना स्पंज कापून कॅनिस्टरच्या मधल्या टोपलीत टाका. टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय जुन्याला हात नाही.

म्हसरूळ_प्लांटेड

कापसाबद्दल माझं मत वेगळं. ज्याला दर दोन आठवड्यांनी कॅनिस्टर उघडायचा कंटाळा आहे त्याने कापूस टाकूच नये. अडतो तो आधी कापूसच, आणि लोक म्हणतात मोटर बिघडली. त्याऐवजी पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्री-फिल्टर स्पंज चढवा. तो आठवड्याला टँकमधल्याच पाण्यात पिळला की झालं, कॅनिस्टर तीन-तीन महिने उघडावा लागत नाही. पाणी थोडं कमी चमकेल, मासे त्याने आजारी पडत नाहीत.

यूव्हीवाला (आत अतिनील दिवा असलेला) फिल्टर मिळाला तर घ्या, पण पाणी हिरवं झालं तरच लावा. शेवाळ काचेवरचं असेल तर यूव्हीने काही होत नाही.

काचपेटी_नाशिकरोड

१४०० वाला आणला, कागद कोरडा. पण तासाभराने चरचर आवाज सुरू झाला आणि स्प्रे बारमधून बारीक बुडबुडे येताहेत. शिवाय धार ८०० ची आहे की नाही हे ओळखायचं कसं?

सिडको_गप्पी

बुडबुडे म्हणजे फिल्टरच्या डोक्यात, वरच्या मोटरीच्या भागात, हवा अडकलीय. फिल्टर चालू असतानाच हळूच ३० अंश डावीकडे, मग उजवीकडे कलवा, बुडबुड्यांचा लोट बाहेर पडेल. पहिले एक-दोन दिवस रिंगांतली हवा सुटत राहते, तेव्हा दोन-तीनदा करा. त्यानंतरही आलेच तर हवा बाहेरून येतेय: एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जाळीशेजारी आहे का बघा, असेल तर फूटभर लांब न्या, मग आत येणाऱ्या नळीचा नट. जाळी चोंदली की त्या नळीत ओढ वाढते आणि सैल नटातून हवा शिरते. पाणी गळत नाही म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. हवा संपूनही खडखड राहिली तर इम्पेलर काढा. दांडा रबरी बूचात दोन्ही टोकांना नीट बसलाय का बघा.

धार मोजायला दोन लिटरचा जग घ्या, पण टँकच्या पाण्याच्या पातळीलाच धरा. खाली बादलीत सोडलं तर सायफनचा जोर मिसळतो आणि आकडा फुगतो. दोन लिटर ८ सेकंदांत म्हणजे ताशी ९००, ९ सेकंदांत ८००, १० मध्ये ७२०. आजचा आकडा कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा. १५ सेकंदांवर गेला, म्हणजे ४८० झाला, की उघडून साफ करायची वेळ.

साफ करतानाही सगळं एकदम नको. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा, कधीच नळाखाली नाही, क्लोरिन जिवाणू मारतं. रिंगा तीन-चार महिन्यांनी नुसत्या हिसळा, तेही स्पंज धुतल्याच्या दिवशी नाही.

पंचवटी_सिक्लिड

लाइट आणि पाणी राहिलंच.

कॅनिस्टर बंद डबा आहे. मोटर थांबली की आतला ऑक्सिजन जिवाणूच संपवतात. अर्धा-एक तास गेला तर काही करायचं नाही, आल्यावर आपोआप सुरू होईल. फक्त धार आली का ते बघा. तीन-चार तासांच्या वर गेला तर प्लग काढून ठेवा. लाइट आल्यावर तसाच सुरू केला तर आतलं कुजकं पाणी टँकमध्ये जातं. उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा आला तर ते पाणी ओता, मीडिया टँकच्या पाण्यात हिसळा, मग लावा. दिवसभराची देखभालीची बंदी आधी कळली असेल तर टोपल्या काढून टँकच्या पाण्याच्या टबात ठेवा आणि बॅटरीच्या एअर पंपाचा दगड त्यात सोडा. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्हचाच. स्क्वेअर वेव्हवर मोटर घुमते आणि तापते.

पाण्याचं असं: धरणाच्या पाण्याच्या मानाने आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी सहसा जड. मिसळलेलं पाणी आलं की इम्पेलरवर आणि दांड्यावर पांढरा थर चढतो आणि मोटर घुरघुरायला लागते. लिटरभर पाण्यात चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराण्यातलं लिंबूसत्व, टाकून फक्त इम्पेलर आणि दांडा अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशने घासा, स्वच्छ धुवा. मीडिया त्यात नाही. अशा दिवसांत एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नका.

महापालिकेच्या पाण्यातल्या क्लोरिनला सोडियम थायोसल्फेट: १ ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा, ५० लिटर नव्या पाण्याला त्यातले २० मिली. अर्ध्या पीपीएमपर्यंतचं (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) क्लोरिन एवढ्याने निघतं. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर ड्रममध्ये रात्रभर निवळू द्या, तुरटी फिरवू नका. तिने पाण्याची क्षारता खाली येते आणि पीएच घसरतो. गाळ तसाच टाकलात तर कापूस दोन दिवसांत चिखल होतो.

काचपेटी_नाशिकरोड

कलवल्यावर आवाज गेला. जगाने मोजलं, साडेआठ सेकंद. टॉप फिल्टर तसाच चालू ठेवलाय. थंडीत २०० वॅटचा हीटर कुठे लावायचा?

सिडको_गप्पी

स्प्रे बारच्या खालीच, आडवा, रेतीला न टेकता. वाहत्या पाण्यात असला की उष्णता सगळीकडे जाते. पाणी बदलताना हीटर आणि फिल्टर दोन्हीचा प्लग आधी काढा. पातळी हीटरच्या खाली गेली की गरम काच तडकते, आणि जाळीखाली गेली की फिल्टर हवा ओढतो.