शाळेच्या बक्षीस समारंभात काय बदलता येईल? (नाशिक, माध्यमिक, मराठी माध्यम)

सिडकोची_आई

नमस्कार मंडळी, माझा मुलगा सिडकोतल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववीला आहे आणि यंदा मी पालक-शिक्षक संघात आहे. डिसेंबरात गॅदरिंग, त्याला लागूनच बक्षीस समारंभ. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा मुख्याध्यापक बाई म्हणाल्या तुम्हीच सुचवा काय करायचं ते, म्हणून इथे विचारतेय.

आत्ता होतं असं की आधी पाहुण्यांचा सत्कार, मग प्रास्ताविक, अहवाल वाचन, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षांचं भाषण, आणि बक्षिसं सुरू होईपर्यंत मागची मुलं पार कंटाळलेली असतात. मग प्रत्येक वर्गाचे पहिले तीन, विषयवार पहिले, त्यात तीच तीच मुलं पाच-पाच वेळा वर जातात, आणि क्रीडा विभाग घाईघाईत उरकतात कारण अंधार पडतो आणि थंडीही वाजायला लागते. दहावीच्या मुलांचं तर अजूनच वेगळं, निकाल लागतो मे-जूनमध्ये आणि बक्षीस डिसेंबरात, तोवर ती मुलं कुठल्या कुठल्या कॉलेजात गेलेली, नाव पुकारतात आणि कोणीच येत नाही, मग सर म्हणतात "पालक असतील तर यावं" आणि तेही नसतात कारण आमच्याकडचे बरेच पालक अंबड-सातपूरला कंपनीत, शिफ्ट सोडून कसे येणार.

मला गुणवान मुलांचं कौतुक कमी करायचं नाहीये अजिबात. पण शाळेत वर्षभर एवढं चालतं, विज्ञान प्रदर्शन, स्काऊट गाईड, लेझीम पथक, हस्तलिखित, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, एनएमएमएस शिष्यवृत्ती, ते सगळं त्या दिवशी दिसतच नाही. तुमच्या शाळांमध्ये काय करतात? खर्च फार नको, शाळेकडे पैसे नाहीत.

पंचवटीच्या_बाई

ताई, मी माध्यमिकला मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. समारंभाची यादी करायचं काम कायम माझ्याकडे असायचं त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी कौतुक डिसेंबरपर्यंत साठवून ठेवणं बंद करा. रोज परिपाठ होतोच ना, राष्ट्रगीत प्रतिज्ञा झाली की दिनविशेष आणि सुविचार, त्यातच दोन मिनिटं काढा. काल मनपा स्तरावर कबड्डीची टीम जिंकून आली तर आज सकाळी सगळ्या शाळेसमोर टाळ्या, आज चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा निकाल आला तर उद्या सकाळी ए ग्रेडवाल्यांना पुढे बोलवा. कौतुक हे भाकरीसारखं आहे, तव्यावरून ताटात आलं तर त्याची चव. दहावीच्या मुलांसाठी तर निकालानंतर गुणपत्रिका घ्यायला सगळी शाळेत येतातच, त्याच दिवशी एका वर्गात छोटा कार्यक्रम करा, पेढा द्या आणि प्रमाणपत्र हातात द्या, डिसेंबरात नाव पुकारायची वेळच येणार नाही.

दुसरं, तुम्हाला प्रश्न पडेल की बाकीच्या मुलांचं काय लिहायचं ते कुठून आणायचं. तर ते शाळेत आधीच लिहिलेलं असतं हो! आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी असतात, "विशेष प्रगती", "आवड व छंद", "सुधारणा आवश्यक" असे रकाने. शिक्षक त्या वहीत नोंद करतात आणि ती वही कपाटात जाते. वर्गशिक्षकांना सांगा, विशेष प्रगतीचा रकाना उघडा आणि खरंच डोळ्यांसमोर उभं राहील असं एकेक वाक्य काढा. "अभ्यासात प्रगती चांगली" असलं नको. माझ्या वर्गात एक मुलगी होती, मार्क बेताचे, पण मधल्या सुट्टीत वाचनालयात बसून फाटलेली पुस्तकं दुरुस्त करायची, घरून डब्यात खळ करून आणायची, कणा सुटला असेल तर आतून जाळीचं कापड लावायची आणि वर जड ॲटलास ठेवून दाबायची, दुसऱ्या दिवशी आली की आधी ते उघडून बघायची. त्या मुलीला स्टेजवर बोलवून नुसतं "उत्कृष्ट वाचनालय सेवा" म्हटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. आम्ही तिने दुरुस्त केलेली पुस्तकं टेबलावर मांडली आणि तिलाच सांगायला लावलं कसं केलं ते. मुलं पुढे येऊन पुस्तकं हाताळून बघत होती.

गंगापूररोड_बाबा

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. माझी मुलगी आठवीला आहे, शिष्यवृत्तीचा अभ्यास करते, पहाटे उठते, सुट्टीच्या दिवशीही पेपर सोडवते. तिचा नंबर आला तर तो नंबर म्हणूनच जाहीर व्हायला हवा असं मला वाटतं. हल्ली एक पद्धत आलीये, सगळ्यांना सर्टिफिकेट, सगळ्यांना मेडल, आणि मुलांना पण कळतं की याला काही अर्थ नाही, गाडीत बसेपर्यंत मेडल बॅगेत कुठेतरी जातं. स्पर्धा असते ती असतेच, दहावीनंतर अकरावीच्या ॲडमिशनला मार्कच बघणारेत. मग शाळेने पहिला नंबर लपवून ठेवून काय मिळवायचं?

पंचवटीच्या_बाई

गंगापूररोड दादा, तुमच्याशी मी सहमत आहे, पहिला नंबर लपवू नका, तुमच्या लेकीला मिळू दे तो मानाने. आणि सगळ्यांना मेडल तर मुळीच नको. मी म्हणते ते एवढंच की जे खरोखर झालंय त्याचं नाव घ्या. वाचनालयाचं काम एका मुलीने केलं तर एकीचंच नाव, वर्गातल्या सगळ्यांचं नाही. विषयवार पहिल्या येणाऱ्या मुलाला पाच वेळा वर बोलवायच्या ऐवजी एकदाच बोलवा आणि पाचही विषय एकत्र वाचा, त्याचा मान कमी होत नाही आणि अर्धा तास वाचतो.

मैदानवाला_सर

मी शारीरिक शिक्षण शिकवतो, नाशिक रोडला. ताईंनी लिहिलंय की क्रीडा विभाग अंधारात उरकतात, ते वाचून अगदी पटलं कारण सगळीकडे तेच. समारंभात क्रीडा विभाग आधी घ्या, पोरं सकाळपासून मैदानावर राबलेली असतात.

पण ट्रॉफीपेक्षा मोठी गोष्ट कागदाची आहे आणि ती पालकांना माहीत नसते. शालेय स्पर्धा तालुका, मग जिल्हा किंवा मनपा, मग विभाग, मग राज्य अशा चढत जातात, आपल्या क्रीडा विभागात नाशिक, धुळे, नंदुरबार आणि जळगाव. खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण मिळतात पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फतच जावा लागतो आणि वेळेत जावा लागतो, मुदत गेली की पोराने कितीही धावलं तरी काही उपयोग नाही. चित्रकलेचं पण तसंच, इंटरमिजिएटला ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३ गुण दहावीत मिळतात. बक्षीस समारंभाच्या दिवशी पालक आलेलेच असतात तर एका टेबलवर ऑफिसच्या क्लार्कना बसवा, कोणाचं कुठलं प्रमाणपत्र आहे, झेरॉक्स शाळेत जमा आहे का नाही, एवढं तपासून घ्या. आमच्याकडे गेल्या वर्षी असं केलं तेव्हा दहावीच्या एका पोराचं विभागीय स्पर्धेचं प्रमाणपत्र घरी फोटोफ्रेममध्ये लावलेलं निघालं, शाळेला त्याचा पत्ताच नव्हता.

आणि अजून एक. आपल्याच जिल्ह्यातला दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही त्याचं गाव. रोइंग, म्हणजे नाव वल्हवण्याचा खेळ, त्याने सैन्यात गेल्यावर सुरू केलं, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये उतरला आणि २०१८ च्या एशियाडला सांघिक गोल्ड. शाळेच्या खेळांच्या यादीत रोइंग कुठलं असायला, तेही दुष्काळी गावात? म्हणून मी पोरांना बघताना नुसती स्पर्धा बघत नाही, सरावाला रोज कोण येतं, ऊन असो पाऊस असो मैदान आखायला चुन्याची बादली कोण उचलतं, ते पण लिहून ठेवतो. ती यादी मी समारंभात वाचतो, दोन मिनिटं लागतात फक्त.

हरसूलचा_मी

मी आदिवासी भागातून नाशिकला शिकायला आलो, वसतिगृहात राहून दहावी केली, आता इथेच नोकरी करतो. मला एकच सांगायचंय, नावं नीट घ्या. प्लीज. आमच्याकडची आडनावं शहरातल्या निवेदकाला ओळखीची नसतात, भोये असेल तर भोयर वाचतात, आणि प्रमाणपत्रावर पण तेच छापून येतं. माझ्या वर्गातल्या एका मित्राला धावण्यात बक्षीस मिळालं, नाव असं काही वाचलं की तो बसूनच राहिला, त्याला वाटलं दुसऱ्या कोणाचंतरी आहे, आम्ही ढकलून पाठवला तोवर पुढचं नाव चालू. त्याची आई पाड्यावरून एसटीने आली होती त्यासाठी.

जनरल रजिस्टरवरून नावं घ्या, प्रिंटला टाकायच्या आधी यादी प्रत्येक वर्गात एक दिवस लावा, मुलं स्वतः चुका दाखवतात. आणि निवेदन शक्यतो मुलांकडेच द्या, त्यांना एकमेकांची नावं बरोबर येतात.

कविता राऊत आमच्या सावरपाड्याची, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थला १०,००० मीटरमध्ये ब्राँझ जिंकली आणि त्याच वर्षी एशियाडला सिल्व्हर. आमच्या भागातल्या मुली तिचं नाव घेऊन पळतात. आपल्यासारख्या आडनावाचं माणूस स्टेजवरून मानाने पुकारलं जातंय हे ऐकणं आमच्याकडच्या पोरांसाठी खूप मोठं असतं, शहरातल्यांना ते लवकर लक्षात येत नाही.

जुनी_ठेव

खर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी एका संस्थेच्या ऑफिसमध्ये हिशोब बघतो. जुन्या शाळांमध्ये "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" अशा ठेवी असतात, कोणीतरी कधीकाळी हजार रुपये ठेवले, त्याच्या व्याजातून गणितात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस. तेव्हा दहा-अकरा टक्के व्याज होतं तर शंभर रुपये यायचे आणि शंभरात तेव्हा चांगलं कंपासपेटी-डिक्शनरी व्हायचं, आता सहा-सात टक्क्यांनी साठ-सत्तर रुपये, त्यात काय येणार. तुमच्या शाळेत अशा किती ठेवी आहेत ती यादी आधी ऑफिसातून काढून घ्या ताई, बऱ्याचदा कोणालाच नक्की माहीत नसतं. मग त्या कुटुंबांना पत्र पाठवा, भर घालता का विचारा, किंवा चार-पाच छोट्या ठेवी त्यांच्या लेखी संमतीने एकत्र करून एक चांगलं बक्षीस करा आणि सगळी नावं वाचा. माझा अनुभव असा की नातवंडं पुण्याला किंवा परदेशात असतात, आजोबांच्या नावाचं बक्षीस अजून चालू आहे हे त्यांना माहीतच नसतं, पत्र गेलं की फोन येतो. संमतीशिवाय मात्र ठेवीला हात लावू नका.

ट्रॉफीवरचा खर्च पूर्ण वाचवा. प्लॅस्टिकची ट्रॉफी दोन वर्षांत तुटते. पुस्तकं द्या, रंगपेटी द्या, खेळाडूला चांगले मोजे किंवा दोरीउडीची दोरी द्या.

मधलीसुट्टी

फ्लेक्सबद्दल पण ठरवा. शाळेच्या गेटवर मुलांचे फोटो, खाली टक्के, बाजूला सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो मुलांपेक्षा मोठे. मुलांचे फोटो आणि मार्क कुठेही लावण्याआधी पालकांना विचारावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी माझ्या पुतणीला तिचे टक्के चौकात लटकलेले आवडले नव्हते. ॲडमिशनच्या फॉर्मबरोबरच एक संमतीपत्र घेऊन ठेवा.

एनएमएमएसचं मात्र आवर्जून सांगा, पण मुलाची घरची परिस्थिती न सांगता. आठवीत परीक्षा, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. उत्पन्नाची अट साडेतीन लाखाची आहे त्यामुळे कंपनी कामगारांची बरीच मुलं बसू शकतात. स्टेजवरून निवड झालेल्या मुलाने स्वतः सांगितलं की मी बुद्धिमत्ता चाचणीचा सराव कसा केला, की खाली बसलेली सातवीची मुलं कान टवकारतात.

सिडकोची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वाचून झाल्यावर मुख्याध्यापक बाईंना फोन केला. भाषणं शेवटी आणि बक्षिसं आधी हे त्यांना लगेच पटलं. क्रीडा विभाग पहिला. दहावीचा कार्यक्रम पुढच्या निकालापासून गुणपत्रिकेच्या दिवशी. परिपाठातली दोन मिनिटं सोमवारपासूनच सुरू करतो म्हणाल्या, कारण विज्ञान प्रदर्शनात तालुक्याला निवड झालेल्या दोन मुली आहेत आणि त्यांचं अजून कोणी नाव घेतलेलं नाही.

जुनी_ठेव दादा, यादी काढायला सांगितलीये, क्लार्क म्हणाले एक जुनं रजिस्टर आहे, कपाटात वरच्या खणात. हरसूलच्या दादांचं ऐकून नावांची यादी वर्गात लावायचं माझ्याकडे घेतलंय मी. वेळेचं एक अजून अडलंय, सकाळी ठेवलं तर फर्स्ट शिफ्टचे पालक येऊ शकत नाहीत आणि संध्याकाळी ठेवलं तर लांबून सिटीलिंक बसने येणाऱ्या मुलींना घरी जायला उशीर. तुमच्याकडे कसं करतात?

मैदानवाला_सर

ताई रविवारी ठेवा, दुपारी चारला सुरू, सहाच्या आत संपवा. बऱ्याच कंपन्यांना रविवारी सुट्टी असते. लांबच्या मुलींची बक्षिसं क्रीडा विभागानंतर लगेच घ्या म्हणजे त्या पाचच्या बसने निघू शकतात. क्लार्कच्या टेबलासाठी नमुना तक्ता हवा असेल तर मेसेज करा, आमचा पाठवतो.