सिंगापूरचं थिअन हॉक केंग: दर्शन आणि कौल कसा?

प्रश्न: तेलोक आयर स्ट्रीटवरच्या थिअन हॉक केंग या माझूच्या (चिनी समुद्रदेवीच्या) देवळात सासूबाईंना घेऊन जायचंय. त्यांना नीट नमस्कार करायचाय. उदबत्ती कुठल्या क्रमाने लावतात? लाकडी कौल कसा लावायचा? गर्दी कधी असते?

उत्तर 1: तेलोक आयर मेट्रोपासून चालत पाच मिनिटं, प्रवेश मोफत. देवळाकडे तोंड केल्यावर उजव्या दाराने आत, डाव्याने बाहेर. उंबरठा उंच आहे. त्यावर पाय न देता ओलांडायचा, साडी असेल तर निऱ्या उचलून.

तीन उदबत्त्या पेटवा. ज्योत फुंकू नका, हाताने वारा घाला. आधी अंगणातल्या धुपाटण्यापाशी बाहेर आभाळाकडे तोंड करून नमस्कार, मग वळून माझूला. उदबत्त्या कपाळाच्या उंचीवर उभ्या धरा, तिरक्या धरल्या की गरम राख हातावर पडते.

कौलाचे दोन तुकडे चंद्रकोरीसारखे असतात, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. आपल्याकडे कोकणात गाऱ्हाणं घालतात तसं आधी नाव-गाव सांगा, मग हो-नाही उत्तर येईल असा एकच प्रश्न विचारा आणि तुकडे जमिनीवर सोडा. एक सपाट, एक फुगीर वर आला तर होकार. दोन्ही फुगीर, तर नकार. दोन्ही सपाट म्हणजे देवी हसली: प्रश्न मोघम आहे, नीट मांडून परत विचारा. बहुतेकांचं इथेच चुकतं, 'नोकरी बदलू का आणि घर घेऊ का' असं एका दमात विचारतात.

उत्तर 2: वरचं सगळं बरोबर, पण मान वर करून छत बघितल्याशिवाय निघू नका. 1839 ते 1842 मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या होक्कियन लोकांनी हे बांधलं, तेही लाकडात लाकूड अडकवून, खिळ्यांशिवाय. तुळयांखाली भार पेलणाऱ्या छोट्या माणसांत भारतीय चेहऱ्याचेही आहेत, ते शोधाच. तेव्हा समुद्र दारासमोर होता. वादळातून सुखरूप उतरलेली माणसं बोटीतून थेट आभार मानायला यायची. पुढे भराव पडला आणि किनारा लांब गेला, म्हणून आज दारातून टॉवरच दिसतात. माझूचे दोन सेवकही बघा: एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं. खलाशांच्या देवीला हेच दोघे हवेत!

उत्तर 3: गर्दीचं आपल्या पंचांगावरून कळतं, कारण चिनी महिनाही अमावास्येच्या सुमारासच सुरू होतो. पौर्णिमा आणि महिन्याचा पहिला दिवस गजबजलेले. माझूचा जन्मदिवस तिसऱ्या चिनी महिन्याची 23 तारीख, म्हणजे चैत्र किंवा वैशाख वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपास. सासूबाईंना शांतपणे दर्शन हवं असेल तर हे दिवस टाळून सकाळी जा. मागच्या बाजूला क्वानयिन, म्हणजे बौद्धांची करुणेची देवी आहे. तिला फळं-फुलं चालतात, सामिष नाही. याच रस्त्यावर नागोर दर्गाही आहे, तोही बघून घ्या.