रंग नको, बेड बघा

कुपवाड एमआयडीसीतला जुना मायफोर्ड एमएल ७ लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) नुकताच रंगवलाय, घेऊ का, असं विचारलंत. रंगावर जाऊ नका. लेथचा बेड, म्हणजे ज्यावरून हत्यार सरकतं तो लांब पाया, सगळ्यात जास्त झिजतो तो चकजवळ (जॉब धरणाऱ्या पकडीजवळ), कारण बहुतेक काम तिथंच होतं. सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) तिथं आणून गिब (त्याचा ढिलेपणा काढायची पट्टी) बेताची आवळा आणि मग सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, सरकवत न्या. तिकडं घट्ट व्हायला लागलं तर बेड झिजलाय, हे नक्की समजा. साताऱ्यात माझा लेथ घेताना मी नेमकं हेच केलं नाही. मग बेड ग्राइंड करून घेईपर्यंत लांब शाफ्ट कधी सरळ निघालाच नाही, त्याचं फार वाईट वाटायचं.

स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) खेळ असेल तर घाबरू नका, व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगच्या टोपीखालच्या शिम (पातळ पत्रे) काढून तो बराच कमी करता येतो. चेंज गिअर (आट्यांच्या मापाप्रमाणे बदलायचे गिअर) मात्र मोजून घ्या. लीडस्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा स्क्रू) ८ टीपीआयचा, म्हणजे इंचाला ८ आट्यांचा, इंची आहे. मिलिमीटरचे आटे पाडायला वेगळे गिअर लागतात आणि ते मागाहून शोधणं जिवावर येतं.

रविवारी बघायला जाणार असाल तर कळवा, डायल गेज (बारीक फरक मोजायचं साधन) घेऊन येतो.