ख्रिस्ती उन्हाळी शिबिरात मुलांचा दिवस कसा जातो?

प्रश्न – मृण्मयी, पुणे

माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या वर्गमैत्रिणीच्या चर्चतर्फे मे महिन्यात पाचगणीला मुलांचे पाच दिवसांचे निवासी शिबिर होणार असून तेथे जाण्याचा तिने हट्ट धरला आहे. आम्ही हिंदू आहोत आणि शिबिराला आमचा आक्षेप नाही. परंतु पत्रकात ‘खेळ, गाणी, बायबलमधील गोष्टी, हस्तकला’ एवढेच छापलेले असल्याने तेथील दिवस प्रत्यक्षात कसा जातो आणि त्यात उपासनेचा भाग किती असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – शब्बाथशाळा शिक्षिका, अहिल्यानगर

मृण्मयीताई, मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधील मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवते आणि अशा शिबिरांत अनेक वर्षे गटप्रमुख होते. दिवस घंटेवर चालतो. सहाच्या सुमारास मुले उठली की ‘शांतसमय’ असतो. प्रत्येक गट झाडाखाली किंवा व्हरांड्यात बसून बायबलमधील लहानसा उतारा वाचतो आणि गटप्रमुख त्यावर थोडे बोलून प्रार्थना करतात. मग कवायत, आंघोळ (मे महिन्यात पाण्याची टंचाई असल्यास एका बादलीत भागवावे लागते), पोह्यांचा किंवा उपम्याचा नाश्ता आणि खोल्यांची तपासणी. या तपासणीचे गुण गटाच्या नावावर जमा होत असल्यामुळे, घरी चादरीची घडीही न घालणारी मुले तेथे एकमेकांच्या पलंगाखालचे मोजे शोधून काढताना मी पाहिली आहेत.

सकाळच्या मुख्य सत्रात कृतिगीते, गोष्ट, पाठांतराचे वचन आणि वयानुसार गटचर्चा असते. गिटारवरची नवी गाणी हल्ली वाढली असली, तरी आमच्याकडे पेटी-ढोलकीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने अजूनही शिकवली जातात. पाठ्यपुस्तकांतून आपल्याला परिचित असलेल्या या कवीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी) घेतल्यानंतर अभंगाच्या वळणाची अनेक ख्रिस्ती पदे रचली, त्यामुळे ती आपल्या मुलीच्या कानांना परकी वाटणार नाहीत. दुपारी सक्तीची विश्रांती, हस्तकला आणि प्रश्नमंजूषा, संध्याकाळी टेबललँडवर, म्हणजे पाचगणीच्या पठारावर खेळ, रात्री नाटुकली आणि शेकोटी.

उपासनेला एखादा ठरावीक तास नसतो. ती जेवणापूर्वीच्या प्रार्थनेपासून दिवे मालवेपर्यंत दिवसभर चालूच असते. ती वगळून केवळ खेळांसाठी मुलीला पाठवायचे असेल, तर दुसरे एखादे शिबिर निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर – वसईकर

वरील वर्णन प्रॉटेस्टंट मंडळींच्या शिबिराचे आहे. आमच्या कॅथलिक शिबिरांत मिस्सा (धर्मगुरूंनी चालवलेली मुख्य उपासना) आणि जपमाळेची प्रार्थना यांना अधिक महत्त्व असते. मात्र इतर धर्मांच्या मुलांना कम्युनियन (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) दिले जात नाही, ती आपल्या जागी बसून राहतात.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. मुलींच्या खोलीत रात्री कोण झोपते आणि शिबिराचे बालसंरक्षणाचे लेखी नियम आहेत का? लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा शिबिरांनाही लागू आहे. हे प्रश्न ऐकून आयोजक नाराज होत असतील, तर तेवढ्यावरूनच निर्णय घ्यावा. मुलीला चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही पाठ असू द्या.

प्रतिसाद – मृण्मयी

दोघांचेही आभार. थोडे संकोचाने विचारते, तेथे मुलांना ख्रिस्ती होण्यास सांगतात का?

उत्तर – शब्बाथशाळा शिक्षिका, अहिल्यानगर

संकोच कशाला, विचारलेच पाहिजे. बऱ्याच शिबिरांत शेवटच्या रात्री येशूला जीवनात स्वीकारण्याचे आवाहन केले जाते आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना हात वर करण्यास किंवा पुढे येण्यास सांगतात. मी पाहिलेल्या शिबिरांत कोणालाही बाप्तिस्मा दिला गेला नाही. परंतु शेकोटीभोवती सगळ्या मैत्रिणींचे हात वर असताना दहा वर्षांच्या मुलीला आपला हात खाली ठेवणे सोपे नसते, हे मान्य केले पाहिजे. आम्ही इतर धर्मांच्या मुलांच्या गटप्रमुखांना आग्रह न करण्याची आधीच सूचना देत असू, सर्वत्र ती दिली जातेच असे नाही. म्हणून पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) प्रत्यक्ष भेटा, आपली भूमिका प्रवेशअर्जावर लिहून द्या आणि मुलीशीही मोकळेपणाने बोला.

मोबाइल बहुधा पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, तेव्हा घरी फोन करण्याची वेळ कोणती, तेही त्याच भेटीत ठरवा. घरची आठवण साधारणतः दुसऱ्या रात्री अनावर होते. मे महिना असला तरी रात्रीसाठी स्वेटर द्यावा.