दहावीचं गणित: एकच सरावसंच सलग सोडवत राहणं हा अभ्यास आहे का?

खाडीपलीकडचा
गणपतीत गावी होतो, गुहागर तालुक्यात. पुतणी यंदा दहावीला. गणिताच्या दोन भरलेल्या वह्या तिने कौतुकाने दाखवल्या. सगळे सरावसंच सोडवलेले, अक्षर सुरेख, समास आखलेले. मी तिला एका कागदावर तीन गणितं लिहून दिली. दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार 132, तर त्या संख्या कोणत्या? पहिल्या महिन्यात 100 रुपये शिल्लक टाकले आणि पुढे दर महिन्याला आधीपेक्षा 20 रुपये जास्त टाकत गेलो, तर वर्षात एकूण किती जमतील? 10 मीटरची शिडी 8 मीटरवरच्या खिडकीला टेकवली, तर तिचं खालचं टोक भिंतीपासून किती लांब?

कागद बघून ती म्हणाली, "काका, ही कुठल्या धड्यातली ते सांगा ना."

धडा सांगितला आणि तिन्ही भराभर सुटली. 11 आणि 12, 2520 रुपये, 6 मीटर. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. वर्गसमीकरणाचा सरावसंच उघडला की कोणती रीत वापरायची हे पुस्तकानेच ठरवलेलं असतं, मूल फक्त आकडेमोड करतं. परीक्षेत रीत ओळखायचं कामही त्यालाच करायचं असतं, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो.

रोहरर आणि टेलर या अमेरिकी संशोधकांनी 2007 साली कॉलेजच्या मुलांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका आकृतीची गणितं सलग दिली, दुसऱ्याला चारही मिसळून. सराव चालू असताना सलगवाले पुढे होते: त्यांची 89 टक्के गणितं बरोबर, मिश्रवाल्यांची 60. आठवड्यानंतर चाचणी घेतली तेव्हा मिश्रवाले 63 टक्क्यांवर, सलगवाले 20 वर. भरलेली वही बघून आपल्याला होणारं समाधान किती फसवं असतं ते या आकड्यांत आहे.

निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतो, त्याचा मलाही अभिमान आहे. पण हीच मुलं अकरावी सायन्सला गणितात का अडखळतात, हे विचारायला हवं. माझं मत: दिवाळीनंतर सरावसंच बंद, फक्त मिश्र गणितं, आणि तीही पुस्तक मिटून.

दापोलीचे मास्तर (निवृत्त)
तुमचं निदान मान्य, औषध मान्य नाही. तीस वर्षं गणित शिकवलं. ज्याला रीतच बसलेली नाही त्याला मिश्र गणितं दिली तर तो रीत ओळखायला शिकत नाही, अंदाज बांधायला शिकतो. दोन चुकली की वही मिटतो आणि "मला गणित येत नाही" हे कायमचं मनात घेऊन बसतो.

एक उदाहरण सांगतो. 90 मीटर उंचीच्या दीपस्तंभावरून जहाजाकडे बघताना अवनत कोन 60 अंश, तर जहाज किती दूर? उत्तर सुमारे 51.9 मीटर. माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्या मुलांचं 155.7 यायचं, कारण ती कोन उभ्या रेषेशी मोजत. धडा कोणता हे त्यांना पक्कं माहीत होतं. अवनत म्हणजे काय हेच कळलेलं नव्हतं. शेवटी एका वर्षी हर्णैला कनकदुर्गावर घेऊन गेलो, दीपगृह आहे तिथे. म्हटलं, आधी समोर क्षितिजाकडे बघा, आता नजर खाली आणत त्या होडीवर न्या. नजर जितकी खाली उतरली तेवढा अवनत कोन. परत आल्यावर तीच आकृती पाच-सहा वेळा काढून घेतली, सलग, एकाच प्रकारची. त्या तुकडीत ती चूक पुन्हा दिसली नाही.

संशोधनच हवं असेल तर स्वेलर आणि कूपर यांचं 1985 चं काम बीजगणितावरच आहे. नवशिक्यांना आधी सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला दिली, तर तशीच गणितं ती कमी वेळात आणि कमी चुकांनी सोडवतात.

देवगडची आई
वादात पडत नाही, पण आमचा दिवस सांगते. मुलगा सहाच्या एसटीने जातो, संध्याकाळी परततो तो दमून. जानेवारीपासून बागेत फवारणीची कामं, पुढे परीक्षा आणि शिमगा एकाच सुमारास. पालखी घरी येणार म्हटल्यावर अभ्यास कसला? रोज तासभर मिळतो. त्या तासात काय करायचं ते कोणीतरी सांगा.

गेल्या वर्षी दहावी
काकू, मी एसटीतच करायचो. घरी चुकलेलं प्रत्येक गणित वेगळ्या वहीत लिहायचो, फक्त प्रश्न, उत्तर नाही. एसटीत एकेक वाचून मनातच पहिली पायरी ठरवायची: काय मानायचं, कोणतं सूत्र. आठवलं नाही तर त्यावर खूण, आणि रात्री फक्त खुणेची गणितं कागदावर. सुरुवातीला मी गाईडमधली उत्तरं वाचत बसायचो. वाचताना सगळं कळतंय असं वाटायचं, कोरा कागद समोर आला की हात थांबायचा.

रत्नागिरीतला क्लासवाला
तुम्ही सगळे हुशार मुलांबद्दल बोलताय. माझ्याकडे 35 वर अडकलेली मुलं येतात. त्यांच्यासाठी पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा, बस्स. कृतीच्या प्रश्नात चौकटी भरायच्या असतात, रचनेच्या प्रश्नाला ठरावीक पायऱ्या असतात, आणि पायरीला गुण असतात. भौमितिक रचना मी वीस वेळा सलग करून घेतो, कंपास हातात बसेपर्यंत. याला घोकंपट्टी म्हणायचं तर म्हणा. ते मूल पास होऊन आयटीआयला जातं, ते मला मोलाचं वाटतं.

खाडीपलीकडचा
मास्तर, "दिवाळीनंतर सरावसंच बंद" हे मागे घेतो. रीत कळण्याआधी मिसळणं चूक, हे पटलं. तुम्हीच म्हणता तसं, स्वेलर-कूपरचा फायदा "तशाच" गणितांत दिसला. माझी पुतणी तशाच गणितांत कधीच चुकली नव्हती.

क्लासवाल्या दादांना मात्र विरोध कायम. कंपास वीस वेळा धरायला लावा, पण स्पर्शिका काढायला बिंदू वर्तुळावर दिला असताना बाहेरच्या बिंदूची रचना सुरू करणारं मूल मी पाहिलंय. त्याचा हात बसलेला होता, प्रश्न वाचला नव्हता. 35 वर अडकलेल्या मुलाला तर प्रश्न ओळखणं अधिक गरजेचं, त्याच्याकडे वाया घालवायला गुणच नसतात.

रत्नागिरीतला क्लासवाला
स्पर्शिकेच्या त्या दोन रचना एकमेकींसमोर ठेवून घ्यायला हव्यात, हे खरं. बाकी माझी पद्धत तीच.

दापोलीचे मास्तर (निवृत्त)
देवगडच्या ताईंना कोणी नीट उत्तर दिलं नाही. ताई, तासाची पहिली वीस मिनिटं त्या दिवशी वर्गात झालेला एकच प्रकार. मग पंचवीस मिनिटं मागच्या धड्यांतली तीन गणितं, पुस्तक मिटून, आणि सोडवण्याआधी प्रत्येकावर "ही रीत का" याची एक ओळ. उरलेल्या वेळात चुकांची वही. शिमग्याचे दोन दिवस आधीच सोडून द्या, पोराला पालखी नाचवू दे. पण त्याआधीच्या रविवारी घड्याळ लावून दोन तासांचा एक पूर्ण पेपर बसवून घ्या. तो मला पाठवलात तर तपासून देईन.